उभ्या गाडीची शाकारणी

मराठी शिकवणाऱ्या माणसाला यंत्रातले काही कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे. आणि निदान माझ्यापुरता तो अक्षरशः खरा आहे. घरातल्या मिक्सरने संप पुकारला, तर मी त्याचा प्लग काढून पुन्हा लावतो. एवढ्याने भागले नाही, तर माझे ज्ञान तिथेच संपते आणि मिक्सर पिशवीत घालून दुकानाची वाट धरावी लागते. अशा माणसावर २०२४ च्या मे महिन्यात, इंग्लंडातल्या एका शेतकऱ्याच्या वाड्यात उभे राहून, पावणेतीन वर्षे जागची न हललेल्या एका कॅरव्हॅनला काय काय दुरुस्ती लागेल हे ठरवण्याची पाळी यावी, याला दैवगती म्हणावी नाही तर काय?

कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. दोन बिछाने, शेगडी, लहानसा फ्रीज, हात धुण्याचे भांडे आणि एवढ्याशा जागेत बसवलेले, पाहूनच माणसाला संकोच वाटावा असे न्हाणीघर. इंग्रज माणसाला या घराचे भारी वेड. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या एका डॉक्टरने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून हौसेने असे एक घर बांधून घेतले, त्याला दोन घोडे जुंपले आणि तो थेट स्कॉटलंडच्या वाटेला लागला. १९०७ साली तर अशा हौशी मंडळींनी आपला क्लबच काढला. शब्द मात्र त्यांचा नव्हे. तो फारसीतल्या ‘कारवान’चा वंशज. वाळवंटातून उंटांचा तांडा निघाला तो इंग्लंडात पोचेपर्यंत एका खोलीचा झाला, आणि त्याचेच शेपूट तोडून इंग्रजांनी ‘व्हॅन’ केली. पण माझे ज्ञान हे असे शब्दांपुरते. चाकांपाशी ते थांबते.

ही कॅरव्हॅन माझ्या भाऊजींची. ताई लग्न होऊन लेस्टरला गेली तेव्हा मी शाळेत होतो. भाऊजी एका कारखान्यात नकाशे काढण्याचे काम करीत. मितभाषी, काटेकोर माणूस. आयुष्यात एकच चैन त्यांनी केली, ती ही गाडी. उन्हाळा आला की ती मोटारीला जोडायची आणि वेल्सच्या किनाऱ्यावर बारमथला जायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तिथे मॉडाक नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखावर १८६७ साली सुरू झालेला रेल्वेचा लांबलचक लाकडी पूल आहे. ‘‘अगदी आपल्या आंजर्ल्याची खाडी वाटते रे, फक्त माड तेवढे नाहीत,’’ असे ताई फोनवर सांगायची. जानेवारी २०२२ मध्ये भाऊजी गेले. त्याआधीच्या सप्टेंबरात शेतकऱ्याच्या वाड्यात नेऊन ठेवलेली गाडी तिथेच राहिली. ताई तिचे भाडे दरमहा भरीत होती. पण एकदाही ती पाहायला गेली नव्हती.

सुट्टीत मी ताईकडे गेलो तेव्हा घरात वाद पेटलेला होता. माझ्या भाच्याला मेअखेरच्या शाळेच्या सुटीत आपल्या दोन मुलांना घेऊन बारमथला जायचे होते आणि ताईलाही बरोबर न्यायचे होते. गाडी ओढायला पूर्वी त्याला वेगळी परीक्षा द्यावी लागली असती. डिसेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये तो नियम गेला. तेव्हा ती अडचण नव्हती. अडचण होती ती सर्व्हिसिंगची. ताई म्हणे, आधी गाडी नीट तपासून घे. भाचा म्हणे, त्यात तपासायचे काय?

‘‘मामा, तूच सांग,’’ तो मला म्हणाला, ‘‘गाडी एक मैलसुद्धा चालली नाही. जे वापरलंच नाही, ते झिजणार कसं? दोन-अडीचशे पौंड त्या मेकॅनिकला कशाला द्यायचे? हवा भरतो, धुतो आणि निघतो.’’

खरे सांगतो, मला त्याचे म्हणणे पटले. तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालावे इतके ते सरळ होते. शिवाय तिकडचा कायदाही त्याच्याच बाजूचा. मोटारीला तिथे दर वर्षी सरकारमान्य तपासणी करून घ्यावी लागते. मात्र अशा लहान कॅरव्हॅनला ती सक्ती नाही. म्हणजे ती ठीक आहे की नाही हे मालकानेच ठरवायचे. मालक तर गेलेले. ताई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘अरे, तू एवढा शिकलेला. तू जाऊन बघ. तू म्हणशील तसं करू.’’

बहिणीच्या या विश्वासापुढे ‘मला मिक्सरसुद्धा कळत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि भाचा शेतावर गेलो. ताई आली नाही. गाडीवर हिरवट शेवाळ धरले होते, एवढे सोडले तर ती बाहेरून चांगली दिसत होती. टायर तर नव्यासारखे. त्यांच्या खाचांत माझ्या करंगळीचे नख सहज बुडाले. ‘‘बघ,’’ भाचा म्हणाला. कायद्याला तिथे १.६ मिलिमीटर खोलीची खाच पुरते. ही तर चौपट होती. मी मान डोलावली. आम्ही आत शिरलो. बंद घराचा म्हणून एक वास असतो, तो नाकात शिरला आणि मला एकदम कोकणातले आमचे घर आठवले.

आमचे ते घर वर्षातले अकरा महिने बंद असे. तरीही वडील दर वर्षी मे महिन्यात रजा काढून जात आणि घर शाकारून घेत. गडी छपरावर चढे, कौल न् कौल काढून झाडी, फुटके बदली, सरकलेले बसवी. वडील माळ्यावर अंधारात उभे राहून वर पाहत. कुठे उजेडाचा ठिपका दिसला की खालून ओरडत, ‘‘इथे!’’ उजेड आला तिथून पाऊस येणार, हा हिशेब. एकदा मी त्यांना विचारले होते, ‘‘आपण इथे राहत नाही, मग दर वर्षी एवढा खर्च कशाला?’’ वडील म्हणाले, ‘‘घरात माणूस नसलं तरी पाऊस यायचा राहतो का?’’

हे वाक्य मला त्या इंग्रजी वाड्यात उभे असताना आठवले आणि भाच्याचा तर्क कुठे लंगडतो आहे ते ध्यानात आले. वापराने वस्तू झिजते हे खरे. पण झीज हा वस्तूचा एकच शत्रू नव्हे. ऊन, पाऊस, थंडी, गंज आणि काळ ही मंडळी गाडी चालते की उभी आहे याची चौकशी करीत बसत नाहीत. उलट, राहत्या घरात गळती त्याच दिवशी कळते. बंद घरात ती वासा कुजल्यावर कळते.

मी शेगडीखालचा खण ओढला. त्यात एक लाल पुठ्ठ्याची वही होती. भाऊजींची. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत मराठीत, नकाशावर लिहितात तशा बारीक, सुट्या अक्षरांत लिहिलेली.

‘‘ही इथे कायम असायची,’’ भाचा म्हणाला. ‘‘बाबा दर वेळी काहीतरी लिहायचे. मला मराठी वाचता येत नाही ना.’’

इतक्या वर्षांच्या अध्यापनानंतर माझी एम. ए. ची पदवी कुणाच्या खरोखर उपयोगी पडली असेल, तर ती त्या दुपारी. मी पायरीवर बसून मोठ्याने वाचू लागलो आणि भाचा ते ते जाऊन पाहू लागला.

‘‘ठेवताना हँडब्रेक सोडून ठेवणे. चाकांना ठोकळे लावणे. ब्रेक ओढून ठेवल्यास आत चिकटतो.’’

भाच्याचा चेहरा उतरला. २०२२ मध्ये शेतकऱ्याने गाडी थोडी सरकवायला लावली होती, तेव्हा ती सुरक्षित राहावी म्हणून त्याने स्वतःच हँडब्रेक करकचून ओढला होता. आता तो सोडून आम्ही दोघांनी गाडी ढकलली. डावे चाक फिरले. उजवे फिरेना. ड्रमच्या आत ब्रेकचे शू गंजाने घट्ट धरून बसले होते.

‘‘मागचा उजवा कोपरा, खिडकीखाली. दर वर्षी बोटाने दाबून पाहणे.’’

भाच्याने दाबले. काही न बोलता त्याने माझे बोट धरून तिथे टेकवले. भिंत ओल्या पुठ्ठ्यासारखी किंचित आत गेली.

‘‘टायरची खाच पाहू नये. तारीख पाहावी.’’

तारीख? टायरवर कसली तारीख? भाचा मोबाइलचा दिवा घेऊन चाकाशी ओणवा झाला. टायरच्या बाजूवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे उठवलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे २९१६ होते. म्हणजे २०१६ सालचा एकोणतिसावा आठवडा. नव्यासारखे दिसणारे ते टायर आठ वर्षांचे व्हायला आले होते. कॅरव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत. म्हातारे होऊन जातात. पाच वर्षांनी ते बदलावेत आणि सातच्या पुढे तर मुळीच वापरू नयेत, असे जाणकार सांगतात. एकाच जागी सारा भार घेऊन उभे राहिल्याने आणि उन्हावाऱ्याने रबर आतून कडक होते. मोटारीला चार चाके असतात. या तेराशे किलोच्या घराला दोनच. महामार्गावर ताशी साठ मैलांच्या वेगात त्यांतले एक फुटले, तर मागचे घर पुढच्या मोटारीलाही आडवे करते. आणि पुढच्या मोटारीत दोन मुले बसणार होती.

मी पाने उलटीत शेवटच्या नोंदीवर आलो. सप्टेंबर २०२१. ‘‘टायर पाच वर्षांचे झाले. पुढच्या हंगामाआधी तिन्ही बदलणे. विसरू नये.’’ तिन्ही म्हणजे जादाचा धरून.

भाचा बराच वेळ गवतात बसून राहिला. मग म्हणाला, ‘‘मामा, बाबांनी सांगून ठेवलं होतं. मला वाचता आलं नाही, एवढंच.’’

संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही कागद घेऊन बसलो. सगळेच करायचे म्हटले तर खर्च ताईच्या पेन्शनला झेपणारा नव्हता, आणि काहीच न करण्याचा प्रश्न आता उरला नव्हता. मग काय करावे नि काय सोडावे? इथे मी माझा मास्तरी उद्योग केला. व्याकरणात शब्दांच्या जाती पाडतो तशा दुरुस्त्यांच्या जाती पाडल्या. पहिली, जिच्यावाचून जीव जाईल. दुसरी, जिच्यावाचून गाडी जाईल. तिसरी, जिच्यावाचून सोय जाईल. चौथी, जिच्यावाचून फक्त शोभा जाईल.

पहिल्या जातीत चाके, ब्रेक, मोटारीला जोडणारी कडी आणि गॅस. यांत काटकसर नाही. दुसरीत ओल. तिसरीत फ्रीज, पाण्याचा पंप, बॅटरी. चौथीत पडदे, शेवाळ आणि भाच्याच्या मनात असलेला नवा रेडिओ.

दोन दिवसांनी मेकॅनिक आला. घरोघर हिंडून काम करणारा म्हातारा गृहस्थ. आपली सगळी हत्यारे व्हॅनमध्ये घेऊन आला होता. मी त्याला आमची यादी दाखवली. ती वाचून तो हसला आणि म्हणाला, लोक बहुधा चौथ्यापासून सुरुवात करतात.

त्याचे काम पाहण्यात माझा दिवस मजेत गेला. अशा गाडीचा ब्रेक कसा लागतो, हे मला त्या दिवशी कळले. मोटार मंदावली की मागची गाडी आपल्याच वेगाने पुढे रेटते, तिचा दांडा आत सरकतो आणि तो रेटाच तारांमार्फत चाकांचे ब्रेक ओढतो. म्हणजे मागून धक्का द्यायला जावे आणि स्वतःच थांबावे! त्याने दोन्ही ड्रम उतरवले, गंज काढला, उजवीकडचे शू बदलले. ड्रम धरणारा मधला मोठा नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नसतो, नवाच लावायचा. कडी निसटलीच, तर हँडब्रेक ओढून मग स्वतः तुटून जाणारी एक बारीक पोलादी तार असते. ती तंतू सुटून विरली होती. तीही बदलली.

गॅसच्या रबरी नळीवर साल छापलेले होते. तिचेही दिवस भरले होते. फरशीत काही भोके होती. ती पाहून मी शहाणपणाने म्हणालो, ‘‘इथून थंडी येत असेल, बुजवून टाकू या का?’’ म्हाताऱ्याने माझ्याकडे असे पाहिले की मी चारचौघांत ऱ्हस्व-दीर्घाची चूक केल्यासारखा ओशाळलो. हा गॅस हवेपेक्षा जड; गळला तर खाली साचतो. त्याला वाट मिळावी म्हणूनच ती भोके. शेगडीच्या एका बर्नरमध्ये कोळ्याने घर केले होते. अशाने ज्योत नीट जळत नाही आणि विषारी वायू होतो. तो वायू ओळखणारी भोंग्याची डबी भिंतीवर होती. पण तिच्यावर छापलेली मुदत उलटून गेली होती. राखणदार होता, पण झोपलेला.

मग त्याने दोन टोचण्यांचे एक छोटे यंत्र काढले आणि भिंतीभर टोचत गेला. पंधरापर्यंत आकडा आला तर चिंता नाही. पंधरा ते वीस म्हणजे लक्ष ठेवा. विसाच्या वर म्हणजे शोध घ्या. बारा, तेरा, अकरा, बारा असे करीत तो मागच्या उजव्या कोपऱ्याशी आला. चोवीस. वडील माळ्यावरून ओरडत तसे ‘‘इथे!’’ म्हणून ओरडावेसे मला वाटले. वरच्या पट्टीखालचा डिंक वाळून भेगाळला होता, त्यातून पाणी झिरपत होते. तिसाच्या वर गेले असते, तर आतला सांगाडाच गेला असता. ‘आणखी एक हिवाळा, आणि मी तुम्हाला गाडी विकायला सांगितली असती,’ असे तो म्हणाला. पट्टी उचलून नवा डिंक भरला. भिंत आतून कोरडी व्हायला दिवस लागणार होते. पण पाण्याची वाट बंद झाली.

तिसऱ्या जातीतले पंप आणि बॅटरी केली, कारण मुले बरोबर होती. फ्रीज गॅस, बॅटरी आणि वीज अशा तिन्हींवर चालायचा असतो. तो विजेवर चालत होता, तेवढ्यावर भागवले. रेडिओला फाटा दिला. शेवाळ भाच्याने स्वतः घासून काढले. बिल आमच्या पहिल्या अंदाजापेक्षा टायरपुरते वाढले, पण ते देताना भाचा कुरकुरला नाही.

गाडी घराशी आणली, तेव्हा ताई दारात आली. थोडा वेळ बाहेरच उभी राहिली. मग चप्पल काढून आत शिरली. आम्ही कुणी मागे गेलो नाही. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात धुवायचे म्हणून काढलेले पडदे होते. ‘‘चौथी जात का असेना,’’ ती म्हणाली, ‘‘हे मी करीन.’’

सुटीच्या पहिल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तीसेक मैल गेल्यावर रस्त्याच्या कडेला भाच्याने मोटार थांबवली. चाक नव्याने बसवले की तेवढ्या अंतरावर नट पुन्हा आवळून पाहायचे असतात. तो पाना घेऊन गुडघ्यांवर बसला. एकेक नट तपासताना मोठा मुलगा शेजारी उकिडवा बसून मोजत होता. ताई काचेतून ते पाहत होती. पाहता पाहता ती मला म्हणाली, ‘‘ते पण असेच बसायचे. मला वाटायचं, किती हा वेळ घालवतात!’’

बारमथची खाडी खरोखरच आंजर्ल्यासारखी आहे. भरती आली की तसेच पाणी वाळूवरून आवाज न करता आत येते. पहिल्या रात्री पाऊस झाला. आम्ही सगळे जागे होतो, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला न कळेल अशा बेताने मागच्या उजव्या कोपऱ्यावर हात फिरवून पाहत होता. कोपरा कोरडा होता.

सकाळी ताईने लाल वही मागितली. मला वाटले, ती मलाच लिहायला सांगेल. पण तिने चष्मा लावला आणि भाऊजींच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून स्वतःच्या हाताने लिहिले: ‘‘मे २०२४. तिन्ही टायर बदलले. ब्रेक, गॅसनळी, कोपरा केला.’’ मग जरा थांबली आणि बोटांवर मोजून पुढे लिहिले: ‘‘टायर पुन्हा २०२९ मध्ये.’’

धाकटी नात तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. ‘‘आजी, हे काय लिहिलंस?’’ तिने विचारले.

‘‘ये, बस इथे,’’ ताई म्हणाली. ‘‘हा ‘ट’. टायरचा ‘ट’.’’

भाचाही चहाचा पेला हातात घेऊन, काही न बोलता, पलीकडच्या बाजूने वहीवर वाकला.